हात केला की हात करायचा

१

मारेनला वाटलं होतं, भांडण पेट्रोलवरून होईल. नॉर्वेहून परतताना विमानात तिनं ते मनातल्या मनात लढून जिंकलंही होतं. गोड्या पाण्याचं शास्त्र शिकून ती मिनेसोटातल्या आपल्या हेल्गा तळ्यावर येत होती, ती काही सुट्टी घालवायला नव्हे. पाण्यावर तवंग धरतो, मोठ्या होड्यांच्या लाटा काठावर आपटून लून पक्ष्यांची घरटी वाहून जातात, आणि हे सगळं तळ्यावर जीव असलेली माणसंच करतात. कोणीतरी हे आपल्या माणसांना तोंडावर सांगायला हवं होतं. घरात पॉन्टून होडी घ्यायचं चाललंय हे कळल्यावर सुरुवात कुठून करायची तेही तिला मिळालं.

भांडण झालंच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी थोरल्या भावानं, ब्रेंटनं, कॉफी ओतली, आंबटगोड रूबार्बच्या वड्यांची बशी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "तू ठरव, प्रोफेसरीणबाई. दोन बघून ठेवल्यात. तू म्हणशील ती."

"एवढं सोपं?"

"बाबांचा हुकूम आहे. आता त्यांच्याशी वाद कोण घालणार?"

बाबा, म्हणजे लाइल, खिडकीशी बसले होते. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्यांची उजवी बाजू त्यांचं ऐकत नव्हती. मासेमारीच्या जुन्या होडीत चढणं आता कायमचं संपलं होतं. पॉन्टूनचं बरं असतं. दोन लांब पोकळ नळ्या, त्यांच्यावर कठड्याची सपाट जमीन, वर सोफे आणि छत. दिवाणखाना पाण्यात ढकलून द्यावा तसा.

"मला पाण्यावर न्या," बाबा सावकाश, एकेक शब्द उचलत म्हणाले. "या उन्हाळ्यात तरी."

त्या 'तरी'नंतर कोणीच वडीला हात लावला नाही.

दोन्ही होड्या होड्यांचा धंदा करणाऱ्या व्हर्न काकांनी शनिवार-रविवारपुरत्या धक्क्याला आणून बांधल्या होत्या. एक नवी, लहान, बॅटरीवर चालणारी, आवाज नसलेली. दुसरी वापरलेली, हिरव्या पट्ट्याची, पेट्रोलची. पण मोठी, उबदार, आणि तिचं दार इतकं रुंद की बाबा वॉकर घेऊन सरळ आत जाऊ शकत. "सोमवारी सकाळी सांगा," व्हर्न काका म्हणाले होते. "हिरवीला दुसरं गिऱ्हाईक आहे. ते तिला ट्रेलरवर घालून पार डकोटात नेणार."

मारेनचं ठरलेलंच होतं. हिरवीत ती बसणार होती ती केवळ सगळ्यांचं मन राखायला.

२

हेल्गा तळ्यावर समोरून होडी आली की हात करतात. ओळख असो नसो, चर्चच्या छपरावरून भांडण झालेलं असो, पाण्यावर हात होतोच. बाबांनी दोन्ही मुलांना हे चालायच्या आधी शिकवलं होतं: हात केला की हात करायचा. आता ते ब्रेंटच्या मुलीला, ब्रिटाला, शिकवून झालं होतं. ब्रिटा सहा वर्षांची. ती एक हात करतच नसे. विमान उतरवायला उभी असल्यासारखे दोन्ही हात डोक्यावर नेऊन झुलवायची.

शनिवारी दुपारी हिरवी निघाली. ब्रेंट स्टिअरिंगवर, शेजारी मारेन. पुढच्या सोफ्यावर बाबा आणि त्यांना चिकटून ब्रिटा. इंजिनाचा घर्रघर्र आवाज आणि पेट्रोलचा वास मारेनच्या डोक्यात जात होता, पण बाबा अर्ध्या तोंडानं हसत होते. हिवाळ्यापासून पहिल्यांदाच. तिनं आपला राग गिळला.

समोरून एक जोडपं आलं, कुत्र्याला घेऊन. पुरुषानं हात केला. बाबांनी डावा हात उचलला, ब्रिटानं दोन्ही. होडी बाजूनं सरकताना त्या बाईची नजर मारेनवरून मागे गेली, डाव्या कोपऱ्यातल्या सीटवर थांबली, आणि तिनं पुन्हा हात केला. हा हात वेगळा होता. छातीशी धरलेला, नुसती बोटं हलवलेली. आईच्या खांद्यात तोंड लपवलेल्या पोराला करतात तसा.

मारेननं वळून पाहिलं. मागचा कोपरा रिकामा होता. दुधी रंगाची गादी, तिच्यावर ऊन.

मागून दुसरी होडी येत असेल, असं तिला वाटलं. मागे पाणीच होतं.

पुढे दोन म्हातारे गळ टाकून बसले होते. त्यांनी गळाची काठी उचलली, आणि मग त्यातला एक मागच्या कोपऱ्याकडे बघून बोटं हलवत हसला. त्यानंतर रबरी ट्यूबवर पोरं भेटली. त्यांनीही तसंच केलं. आधी सगळ्यांना, मग कोपऱ्याला.

"आजोबा," ब्रिटानं विचारलं, "ते दोनदा का करतात?"

"चांगली माणसं आहेत म्हणून," बाबा म्हणाले. "हात केला... की काय?"

"हात करायचा!" ब्रिटा ओरडली. मग ती सोफ्यावर गुडघे टेकून मागे वळली आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून तिनं दोन्ही हात झुलवले.

थोडा वेळ वाट पाहून तिनं ते खाली घेतले.

३

संध्याकाळी शेजारच्या धक्क्यावरच्या मार्लिस काकू भट्टीत भाजलेली बटाट्याची हॉटडिश घेऊन आल्या. मारेन आल्यापासून त्यांना भेटायचंच होतं, आणि बाबांना बाहेर पडलेलं बघून त्यांचे डोळे भरले होते. दारातच बोलत राहिल्या.

"लाइल हसताना पाहिला ग. माझ्या धक्क्यासमोरून गेलात तेव्हा. आणि धाकटी काय गोड आहे!"

"ब्रिटा ना? शेफारलीय नुसती."

"ब्रिटाला मी ओळखत नाही होय? ती पुढे होती. मागची म्हणतेय मी. कोपऱ्यातली."

मारेनच्या हातातली डिश गरम होती. तिनं ती खाली ठेवली नाही.

"कशी होती?" तिनं विचारलं.

"लाजरी. ते मोठ्या माणसाचं नारिंगी लाइफ जॅकेट घातलेलं, मान खाली. मी दोनदा हात केला, पण वर म्हणून बघेना. ब्रेंटला दुसरी झाली हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, पण मी म्हटलं असेल काही, आपण कशाला विचारायचं." त्यांनी आवाज उतरवला. "केस ओले होते ग तिचे. वारं गार सुटलेलं. कोणीतरी टॉवेल द्यायचा. पण दुसऱ्याच्या लेकराबद्दल आपण बोलणं बरं दिसत नाही."

"काकू, आमच्या होडीत मागे कोणी नव्हतं."

मार्लिस काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या हसल्या, चर्चमध्ये कोणाचा सूर चुकला की हसतात तसं.

"बरं, बरं. माझा चष्मा बदलायचाच आहे. डिश परत द्यायची घाई करू नकोस हं."

आणि नेहमी दारात अर्धा तास निरोप घेणाऱ्या मार्लिस काकू, स्वेटर ओढून घेत, मागे न बघता चालत्या झाल्या.

४

उजेड अजून बराच होता. मारेन धक्क्यावर गेली. आपण काय तपासायला चाललोय हे तिनं स्वतःला नीट सांगितलं: कठड्याची चकाकी, छताची सावली, गादीचा आकार. लांबून डोळ्यांना काय वाटू शकतं, याला कारण असतं.

ती हिरवीत चढली. पोकळ नळ्यांवर पाणी थापट्या मारत होतं. छताच्या कापडाची एक कड फडफडत होती. मागच्या कोपऱ्यातली गादी तिनं हातानं दाबली. रेक्झिन करकरलं, आत गेलं आणि वर आलं. कोरडं होतं. गादीखालचा कप्पा उघडला. तिथे दोरखंड, एक वल्हं, लाइफ जॅकेटं. सगळी निळी. नारिंगी एकही नव्हतं.

ठीक. तिनं कप्पा बंद केला आणि पुढच्या सोफ्यावर जाऊन बसली, बाबा बसले होते तिथे, तळ्याकडे तोंड करून. इथून कसं दिसतं ते बघावं म्हणून.

मागे रेक्झिन करकरलं.

एकदा, आणि मग थोडं कमी, कोणी नीट सावरून बसल्यासारखं.

गादी दाबली की नंतर फुगते, फुगताना आवाज येतो. हे तिला ठाऊक होतं. गादी तिनं कधीची दाबली होती, आणि ती तेव्हाच फुगून वर आली होती, हेही ठाऊक होतं. तिनं वळून बघायचं ठरवलं आणि मान वळेना. पाण्याच्या थापट्या ऐकत ती तशीच बसून राहिली.

"मारेन आत्या!"

ब्रिटा धक्क्यावर अनवाणी उभी होती. मारेन वळली. कोपरा रिकामा. गादीवर मात्र आता ओलसर गोल डाग होता, बशीएवढा.

"तू तिच्याशी बोलत होतीस?" ब्रिटानं विचारलं.

"कोणाशी ग?"

"तिला हात करता येत नाही. मी केला तरी तिनं केला नाही. आजोबा म्हणतात, येत नसेल तर शिकवायचं." ब्रिटानं खांदे उडवले. "मी उद्या शिकवणार आहे."

"तुला दिसते ती?"

"छे." ब्रिटाला हा प्रश्नच खुळा वाटला. "पण सगळे हात करतात ना तिला."

५

रविवारी बॅटरीची होडी. मारेनला वाटलं होतं तशीच ती होती. काही ऐकू येत नव्हतं, फक्त पाणी कापल्याची सळसळ आणि लांबून लूनची हाक. समोरून येणारे सगळे एकदाच हात करत होते आणि आपापल्या वाटेनं जात होते. एकेका हाताबरोबर मारेनचा श्वास मोकळा होत गेला.

पण दार अरुंद. बाबांना आत घेताना ब्रेंटला त्यांच्या काखेत हात घालून उचलावं लागलं, वॉकर आडवा करून वरून द्यावा लागला. उतरताना बाबांचा पाय अडकला. ब्रेंट म्हणाला, "सोडा हो बाबा, अंग सोडून द्या, पोत्यासारखं." तो चेष्टेत म्हणाला, आणि बाबा हसलेही. नंतर धक्क्यावरच्या खुर्चीत बसून ते तळ्याकडे न बघता स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"तर?" ब्रेंटनं तिला बाजूला घेतलं. "बोला, विदुषी."

"बॅटरीचीच."

"का? खरं सांग. लूनसाठी?"

कोपऱ्यातल्या सीटबद्दल मारेन भावाला काय सांगणार होती? आपण इतकं शिकून आलो ते ह्यासाठी? "लाटांसाठी," ती म्हणाली. "हिरवीच्या लाटा काठाला किती जोरात लागतात ते पाहा एकदा."

"मग दाखव ना! मोजून दाखव. मी हिरवी घेतो, तू शेजारून बॅटरीवाली ने. बाबांचीही पुन्हा एक चक्कर होईल."

तिच्याच शास्त्रानं तिला पकडलं होतं. "ब्रिटा माझ्यासोबत येईल," ती घाईनं म्हणाली.

"नाही!" ब्रिटा आधीच हिरवीच्या रुंद दारात उभी होती. "मला शिकवायचंय तिला."

"कोणाला ग?" ब्रेंट हसला. "हिची एक नवी मैत्रीण झालीय वाटतं."

मारेननं पुढे होऊन ब्रिटाचा दंड धरला. घट्ट धरला असावा, कारण ब्रिटा कळवळली. बाबांनी मारेनकडे पाहिलं, ब्रेंटनं पाहिलं. त्या दोघांच्या चेहऱ्यांवर काळजी होती, आणि ती तिच्याबद्दलची होती.

तिला लाज वाटली. तिनं हात सोडला.

६

तळ्याच्या मध्यावर हिरवी वळून तिच्या दिशेनं यायला लागली. ऊन तिरपं झालं होतं. बॅटरीच्या होडीत इतकी शांतता होती की हिरवीचं इंजिन लांबूनही पोटात ऐकू येत होतं. मारेननं काठाकडे बघायचं ठरवलं होतं, लाटा मोजायच्या ठरवल्या होत्या. ती होडीकडेच बघत होती.

स्टिअरिंगवर ब्रेंट. पुढे बाबा. बाबांना चिकटून ब्रिटा, निळ्या लाइफ जॅकेटमध्ये.

मागचा कोपरा ब्रेंटच्या आड होता.

बाबांनी डावा हात उचलला. मारेनचा हात आपोआप वर गेला; त्या तळ्यावर वाढलेल्या माणसाचा हात विचारून जात नाही. बाबा हसत होते. त्यांच्या शेजारी ब्रिटा मान खाली घालून बसली होती. दोन्ही हात जाकिटात होते.

"ब्रिटा!" मारेननं हाक मारली. "हात कर!"

ब्रिटानं मान वर केली. ती मारेनकडे बघत राहिली. डोळे ब्रिटाचेच होते, झिपऱ्या तिच्याच होत्या. पण परक्यांच्या घरात कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे न कळलेल्या पोरासारखी ती बघत होती. केसांच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं.

हिरवी बाजूनं सरकली. ब्रेंट पुढे गेला आणि मागचा कोपरा उघडा पडला.

सीटवर कोणीतरी उभं होतं. नारिंगी जॅकेट गुडघ्यांपर्यंत आलेलं, त्यात लहानसं अंग हरवलेलं. उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती, म्हणून चेहरा मारेनला दिसला नाही. हे तिनं नंतर पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, आणि चेहरा दिसला नव्हताच.

हात दिसले. दोन्ही हात डोक्यावर नेलेले. विमान उतरवावं तसे, एकसारखे, खांद्यातून निखळतील इतक्या जोरानं झुलत होते.

तोंडही हलत असावं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

मग हिरवीच्या लाटा आल्या, मारेनची होडी कलली, आणि तिनं कठडा धरेपर्यंत हिरवी लांब गेली होती. मागून पाहिलं तर कोपऱ्यात फक्त दुधी गादी.

७

धक्क्याला लागल्यावर ब्रेंट आणि बाबांबरोबर ब्रिटा एकटीच उतरली. केस ओले कशानं, तर ब्रेंट म्हणाला, हातानं पाणी उडवत असेल, पोरं काय करतील नेम नाही. कामावरून आलेल्या ब्रिटाच्या आईनं, तान्यानं, तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार लागलं. "दमलीय," ती म्हणाली. सगळ्यांना ते पटलं. मारेनलाही पटवून घ्यायचं होतं. शिकवणी झाली असेल, एवढंच. कोपऱ्यातल्या कोणालातरी ब्रिटानं आपल्यासारखा हात करायला शिकवला, आणि ती दमली. शिकवलं तर लोक शिकतात. असं म्हटलं की थोडा वेळ बरं वाटायचं.

जेवताना ब्रिटा जॅकेट काढायला तयार नव्हती. खिडकीबाहेरून उशिराची एक होडी गेली आणि होडीतल्या माणसांनी घराकडे बघून हात केला. बाबांनी डावा हात उचलला.

"हात कर ना ग," ते ब्रिटाला म्हणाले. "हात केला... की काय?"

ब्रिटा त्यांच्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःचा एक हात जाकिटातून हळूच बाहेर काढला, छातीशी धरला, आणि नुसती बोटं हलवली.

शनिवारपासून अख्ख्या तळ्यानं मागच्या कोपऱ्याला केला होता, अगदी तस्सा.

"बघा, लाजायला शिकली!" ब्रेंट म्हणाला. सगळे हसले. ब्रिटानं एकेकाचं तोंड पाहिलं आणि मग तीही हसली.

मारेन त्या रात्री झोपली नाही. पहाटेपासून ती धक्क्यावर होती. बांधलेल्या हिरवीचा कोपरा रिकामा होता, धक्क्याला असताना तो नेहमीच रिकामा दिसायचा; त्यातलं कोणी दिसायचं ते हिरवी पाण्यावर असताना, बाहेरूनच. तिनं हाका मारल्या नाहीत. मारून उत्तर आलं असतं तर, आणि आलं नसतं तर, यातलं कशाला जास्त भ्यायचं ते तिला ठरवता येईना.

सकाळी व्हर्न काकांचा ट्रक आला, मागे रिकामा ट्रेलर. ब्रेंट कॉफीचा मग घेऊन खाली आला. बाबा वॉकरवर टेकून पायऱ्यांशी उभे राहिले. त्यांच्याजवळ ब्रिटा उभी होती, जॅकेटसकट.

"हिरवी नेऊ ना मग?" व्हर्न काकांनी ट्रेलरची साखळी सोडली. "डकोटावाले वाट बघतायत."

"ती कुठेही जाणार नाही," मारेन म्हणाली. "आम्ही ठेवतोय ती."

ब्रेंटनं कॉफीचा मग खाली घेतला. "काय? आणि तवंग? लाटा? तुझी ती लूनची घरटी?"

"ती या तळ्यावरून हलता कामा नये, ब्रेंट. आता नाही, नंतर नाही. मोडली तरी विकायची नाही. कबूल कर."

"अग पण झालं काय तुला?"

"कबूल कर."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चेष्टा सोडून दिली. "बरं. कबूल. बाबा खूश होतील. आपण सगळे मिळून..."

"मी तीत बसणार नाही," मारेन म्हणाली. "तुम्ही रोज बाबांना न्या. रोज. मी माझी वल्ह्याची होडी घेऊन शेजारून येईन. मला ती बाहेरूनच बघायची आहे."

"उन्हाळाभर? आणि तुझी नोकरी?"

"बर्फ धरेपर्यंत. आणि बर्फ वितळलं की पुन्हा."

कोणी आणखी काही विचारायच्या आत ती धक्क्याच्या टोकापर्यंत गेली. हिरवीच्या मागच्या कोपऱ्याकडे तोंड करून, रिकाम्या दुधी गादीकडे बघत, तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि झुलवू लागली. पाठीमागे पायऱ्यांवर कोणीतरी अगदी हलकेच बोटं हलवत असेल, असं तिला वाटलं. तिनं वळून पाहिलं नाही.